पुढची सीट

४ जानेवारी १९९५, बुधवार

शाळेच्या ऑफिसात दरवर्षी एक पुस्तकविक्रेता दोन डायऱ्या देऊन जातो. एक हेडबाई घेतात, दुसरी क्लार्क म्हणून माझ्या वाट्याला येते. आजवर मी त्यात दूध, रॉकेल आणि ब्लाऊज शिवून मिळायच्या तारखा एवढंच लिहीत आले. आज नीट लिहावंसं वाटलं, कारण आज बाबा बोलले.

आई जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत आहेत. शिवराम रोकडे, अंबरनाथच्या कारखान्यात चौतीस वर्षं क्रेन मेंटेनन्सचे मिस्त्री, बदलापूरच्या अख्ख्या हेंद्रेपाड्यात कुणाची शिवणयंत्रं, कुणाचे पंखे फुकट दुरुस्त करून देणारा माणूस. आणि आमच्याच मोरीतला नळ आठ महिने गळतोय. हो-नाही पलीकडे शब्द नाही. मी शाळेतून येते, चहा ठेवते, आणि दोघं त्या नळाचा आवाज ऐकत चहा पितो.

आज पॅन्टचं कापड घ्यायला त्यांना ओढून उल्हासनगरला नेलं, कॅम्प तीनला, टेकचंदशेठकडे. त्यांचा भाऊ हॅम्बुर्गला असतो, त्याने पाठवलेलं कॅलेंडर भिंतीवर होतं. जानेवारीच्या पानावर लाकडाचा एवढा मोठा सांगाडा, त्यावरून रूळ डोंगरासारखे वर जाऊन खाली कोसळलेले, आणि टोकावर माणसांनी भरलेली छोटी गाडी. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. टेकचंदशेठनी विचारलं, "रोकडे साईं, पसंद है?" आणि उत्तराची वाट न बघता पान फाडून दिलं. आता त्यांचं वर्ष फेब्रुवारीपासून सुरू होईल.

घरी आल्यावर बाबांनी पान माझ्यापुढे धरलं. "अंजे, हे बघ." मी बघितलं. गाडीच्या पुढे रूळ दिसतच नव्हता, नुसतं आभाळ. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला आणि मला हसू आलं. बाबा माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग उठले, पेटी काढली आणि नळ दुरुस्त केला.

८ जानेवारी

बाबांचं ठरलंय. युरोपात जायचं आणि असले सगळे रोलर कोस्टर बघायचे. बघायचे म्हणजे बसायचे. माझ्या लग्नासाठी ठेवलेले पैसे आहेतच, लग्न तर काही झालं नाही, असं त्यांनी अगदी सरळ सांगितलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. दोन स्थळं आली होती तेव्हा आईला उठवायला-बसवायला माणूस लागत होतं. पुढे आई नऊ वर्षं अंथरुणावर होती, आणि मी इतकी गुंतले होते की तिसरं स्थळ आलंच नाही हे फार उशिरा माझ्या लक्षात आलं.

पासष्ट वर्षांच्या माणसाला हे काय खूळ सुचलं, असं शेजारच्या गोजरबाई मला जिन्यात म्हणाल्या. मी म्हटलं, असू दे. हा माणूस चार दिवसांत दीड वर्षापेक्षा जास्त बोललाय. चंद्रावर जाऊ म्हणाले असते तरी मी डबा भरायला घेतला असता.

२२ जानेवारी

एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही ती इथे लिहून टाकते. मला या प्रकाराची भयंकर भीती वाटते.

अंबरनाथला महाशिवरात्रीची जत्रा भरते. आम्ही देवळात जात नाही, छप्पन्न सालापासून आमच्या घरातून कुणी गेलं नाही, पण जत्रेत जातो. शंकरराव पाळणेवाल्यांचा आकाशपाळणा तिथे यायचा. त्याचे नटबोल्ट आवळायला ते दरवर्षी बाबांनाच बोलवत. कारखान्यातला माणूस म्हणून विश्वास. बाबा सांगाड्यावर पार टोकापर्यंत चढत, चोवीस नंबरचा पाना कमरेला. मग प्रत्येक पाळण्यात वाळूची पोती ठेवून चाक फिरवून बघत. आणि त्यानंतर शंकररावांचा रिवाज असा, की ज्याने बोल्ट आवळले त्याच्या घरचं माणूस पहिलं बसणार. पब्लिक गोळा होऊन बघत असायची. मिस्त्रीची पोरगी सुखरूप खाली आली की तिकिटं सुरू.

मी सहा वर्षांची असल्यापासून तेरापर्यंत, आठ वर्षं, ती पोरगी मी होते. एकटी. चाक वर जायला लागलं की पोटात खड्डा पडायचा आणि मला हसू फुटायचं. मला भीती वाटली की हसूच येतं, रडू येत नाही, हा माझा जन्माचा दोष आहे. ते खिदळणं खालपर्यंत ऐकू जायचं. शंकरराव म्हणायचे, मिस्त्री, तुमची पोरगी म्हणजे आमची जाहिरात. बाबा खाली खांबावर हात ठेवून, मान वर करून उभे. त्यांना इतकं खूश मी एरवी कधी बघितलं नाही. मग काय सांगणार? तेरानंतर आई म्हणाली पोर मोठी झाली, आणि मी सुटले.

बाबा स्वतः मात्र कधी बसले नाहीत. खाली लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, म्हणायचे. बिचाऱ्यांची हौस राहून गेली असणार. आता ती फेडायची तर मला बसावंच लागेल, एकट्याने काय मजा येणार त्यांना.

२७ फेब्रुवारी, महाशिवरात्र

दोन वर्षांनी बाबा जत्रेत बोल्ट आवळायला गेले. मी घरचं आवरून गेले तर वर टोकावर बसून शंकररावांच्या मुलाला हाका मारत होते, अमुक खीळ काढ, तमुक वायसर बदल. लुगड्यातल्या बायका खालून बघून चुकचुकत होत्या. मला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

खाली उतरल्यावर म्हणाले, "अंजे, बस एक फेरी. जुनी आठवण." मी साडी नवी आहे म्हणून सांगितलं. बाबांचा चेहरा उतरला. म्हणाले, ठीक आहे, तिकडे बसशीलच. नंतर त्यांनी मला चरकावर उसाचा रस पाजला.

१६ एप्रिल

जयंतीच्या मिरवणुकीत बाबा यंदा पुढे होते, पांढरा शर्ट, निळा फेटा. परत येताना रस्त्यावर पुस्तकांच्या स्टॉलवर मोठा नकाशासंग्रह मिळाला. टेकचंदशेठच्या भावाने हॅम्बुर्गहून निरनिराळ्या पार्कांची रंगीत पत्रकं पाठवलीत, ती आणि नकाशे घेऊन कालपासून आमची जमिनीवर बैठक आहे. जर्मनीत दोन, हॉलंड, बेल्जियम, डेन्मार्क, इंग्लंड, आणि शेवटी व्हिएन्ना. सात ठिकाणं, अकरा रोलर कोस्टर. व्हिएन्नात रोलर नाही, तिथे शंभर वर्षं जुना आकाशपाळणा आहे. तो बघायचाच, असं बाबांचं म्हणणं.

नकाशावर बोट फिरवायला मला फार आवडायला लागलंय. या गावाहून त्या गावाला जायला कुठे गाडी बदलायची, मध्ये नदी लागते का, पूल असेल की बोगदा. भूगोलात मला पंचेचाळीस मार्क असायचे, याची बाबांना मी आठवण करून दिली. ते म्हणाले, मास्तरांनी बदलापूरच्या बाहेरचं शिकवलंच नसेल.

पत्रकावर एका रोलरमध्ये माणसं उलटी लटकलेली आहेत. ते पान मी तळाशी ठेवलंय.

२० मे

टेकचंदशेठ आता कपड्याबरोबर विमानाची तिकिटंही काढून देतात. दुकानात मागच्या बाजूला एक टेबल आणि एका एअरलाइनचं लाकडी विमान, एवढंच ऑफिस. त्यांनी सांगितलं की सगळे लोक मे-जूनमध्ये जातात आणि मूर्ख बनतात. "साईं, नोव्हेंबर में जाओ. ऑफ सीझन. प्लेन खाली, हॉटेल खाली, रोलर के लिए लाइन भी खाली." शाळेला दिवाळीची सुट्टी असतेच. यंदा पासपोर्ट व्हायचे नाहीत, म्हणून पुढच्या वर्षीचा, शहाण्णवचा नोव्हेंबर पक्का केला. रांग नसणार याचा बाबांना फार आनंद झाला. एकाच रोलरवर दोन-दोनदा बसता येईल, असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. मी हसले.

९ जुलै

बाबांनी शाळेच्या आखीव कागदावर तक्ता केलाय. गाव, पार्क, रोलरचं नाव, उंची, लाकडी की लोखंडी. शेवटचा रकाना ‘बसण्याची व्यवस्था’. अकराही ओळींत एकच मजकूर, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात: ‘अंजना – पुढची सीट. शिवराम – खाली, पिशव्या सांभाळायला.’

मी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर या माणसाने असंच केलं. घरात आंबा आला की आम्हाला फोडी आणि स्वतःला कोय. मी म्हटलं, बाबा, असं चालणार नाही, पुढच्या सीटवर तुम्ही बसायचं आणि मी शेजारी. त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. बघू म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले ते खरवईपर्यंत चालून आले. मला वाटतं त्यांना भरून आलं असावं.

१३ ऑगस्ट

सराव सुरू केलाय. शाळेत मुलं यायच्या आधी अर्धा तास जाते आणि मागच्या मैदानातल्या झोपाळ्यावर बसते. पहिल्या दिवशी दहा झोके, आज पंचवीस. डोळे उघडे ठेवून बारा. उतरल्यावर कडुनिंबाला धरून उभी राहिले. शिपाई गंगू बघत होती. तिला मी सांगितलं की डॉक्टरांनी पाठीसाठी सांगितलंय.

अकरा रोलर. एका वेळी दोन-तीन मिनिटं, असं पत्रकात आहे. म्हणजे सगळी मिळून अर्धा तास. बाबांसाठी अर्धा तास निघेल. आईसाठी नऊ वर्षं निघाली की.

३ डिसेंबर

ऑगस्टपासून चाललेला पत्रांचा मसुदा आज पुरा झाला. बाबांच्या मते ऑफिसला लिहायचं ते ऑफिससारखं. म्हणून ते मराठीत सांगणार आणि मी शाळेच्या टाइपरायटरवर इंग्रजीत उतरवणार, वर डाव्या हाताला जावक क्रमांक, रोकडे/युरोप/१ ते ७. मग ‘मॅनेजर यांस’, मग विषय. विषय काय तर ‘रोलर कोस्टरच्या तपासणीस परवानगी मिळणेबाबत’. मी म्हटलं, आपण तिकीट काढून बसायला चाललोय, तपासणी कशाला? बाबा म्हणाले, "माझी पोरगी बसणार. बोल्ट बघितल्याबिगर मी बसवू का?"

हे ऐकून मी मुकाट्याने टाइप केलं. पत्रात असं आहे की सही करणार यांनी चौतीस वर्षं क्रेन आणि हॉइस्टची देखभाल केली असून, नोव्हेंबर १९९६ मध्ये आपल्या कन्येला बसवण्यापूर्वी ते सांगाड्याचे सांधे पाहू इच्छितात. पाना ते स्वतःचा आणतील. खाली सही, सहीखाली नाव, नावाखाली हुद्दा, हुद्द्याखाली हजेरीचा तिकीट नंबर, आणि कारखान्यात होता तसा गोल शिक्का हवा म्हणून त्यांनी उल्हासनगरहून ‘शि. रा. रोकडे, मेंटेनन्स’ असा शिक्कासुद्धा करून आणलाय. सात लिफाफे पोस्टात टाकताना प्रत्येकावर हात ठेवत होते.

२१ जानेवारी १९९६

पासपोर्ट आले. चौकशीला आलेल्या हवालदारांना बाबांनी तक्ता दाखवला होता, ते दोन चहा पिऊन गेले. फोटोत आम्ही दोघंही चोरांसारखे दिसतो.

पत्रांना उत्तर एकाचंही नाही. पोस्टमनची वेळ झाली की बाबा गॅलरीत. काल परत खुर्चीत बसले होते, खिडकीकडे तोंड करून. मला धडकी भरली. हे मोडलं तर हा माणूस परत गप्प होईल, आणि या वेळी नळ दुरुस्त करायला कुणी उठवणार नाही. आज झोपाळ्यावर चाळीस झोके घेतले.

१२ फेब्रुवारी

काय घडलं ते नीट लिहिते.

दुपारी घरी आले तर बाबा दारात उभे, हातात लांब पांढरा लिफाफा. फोडला नव्हता. इंग्रजी तूच वाच म्हणाले. जर्मनीतल्या पार्कचं पत्र होतं, तिथले मुख्य इंजिनियर कुणी लिंडनर म्हणून आहेत, त्यांच्या सहीचं. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत गेले. त्यांनी लिहिलंय की आदरणीय श्री. रोकडे, मी इथे सव्वीस वर्षं आहे, या काळात लाखो लोक बसून गेले, पण बसण्याआधी बोल्ट बघायला मागणारा पहिला माणूस तुम्ही. तुम्ही महिनाही अचूक निवडलात, यावरूनच तुमचा अनुभव कळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमचं पार्क बंद होतं ते वसंत ऋतूत उघडतं. मधल्या काळात एकही गाडी चालत नाही. आम्ही चाकं उतरवतो, सगळे सांधे उघडतो. तुम्ही माझ्याबरोबर रुळावरून टोकापर्यंत चालत यावं ही विनंती. मात्र तुमच्या कन्येला बसता येणार नाही, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. थंडीमुळे या भागातली बहुतेक पार्कं त्या वेळी बंदच असतात, हेही तुम्हाला ठाऊक असेलच.

आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे दिवाळीत सगळं चालू असतं, तिकडेही असेल असं धरून चाललो होतो.

मी पत्र खाली ठेवलं. अकराच्या अकरा बंद. पुढची सीट नाही, उलटं लटकणं नाही. आणि बाबांना टोकापर्यंत चढायला मिळणार. मला एकदम हसू आलं. आतून, पोट भरून, थांबेना. डोळे पुसून बघते तर बाबाही हसत होते, असा सुटल्यासारखा चेहरा की मी तो कधी बघितला नव्हता. मी विचारलं, बाबा, तुम्हाला बसायला मिळणार नाही, आणि तुम्ही हसता? ते म्हणाले, "मला कुठं बसायचं होतं? फिरणाऱ्या गोष्टीत मला घेरी येते. उभं लोखंड असेल तर कितीबी वर चढेन. बसायचं तुला होतं ना."

मी म्हटलं, मला?

बाबांचं हसू गेलं. माझ्याकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "अंजे, हे आत्ता हसलीस ते वेगळं होतं."

मी पत्राची घडी घातली.

"पाळण्यातून यायचं ते असं नव्हतं. ते पातळ होतं. कॅलेंडर बघून हसलीस तेबी तसलंच." ते एक पाऊल जवळ आले. "ते काय होतं मग?"

खोटं बोलता आलं असतं. वर्षभर बोललेच होते. पण आठ वर्षं खाली उभं राहून ज्याने ते हसणं ऐकलं, त्याला आता दोन्हीतला फरक कळला होता. मी सांगितलं, भीती वाटायची, बाबा.

ते खुर्चीत जाऊन बसले.

१४ फेब्रुवारी

दोन दिवस झाले. जेवतात, पण शब्द नाही. मी किती परीने समजावलं. भीती काय, पोरांना वाटतेच. तुम्ही खूश दिसायचात म्हणून मलाही छान वाटायचं. एकदाच बोलले. "सगळ्या जत्रेसमोर तुला पुढं केली. पोतं ठेवतात तशी." आणि परत खिडकीकडे वळले.

मीच सगळ्याचा सत्यानाश केला. एक वर्ष तोंड बंद ठेवलं ते अजून एक वर्ष ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? गोजरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे तो तुझ्यासाठी करत होता आणि तू त्याच्यासाठी, आणि दोघांनाही नको होतं? मग बराच वेळ पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही.

तक्ता भिंतीवरून काढलाय. कुठे ठेवला विचारायचं धाडस झालं नाही. आपल्याला बसायचं नव्हतं, पण जायचं होतं, हे मला आज भिंतीवरची ती रिकामी जागा बघून कळलं. हॅम्बुर्गला गाडी बदलायची होती. पुढे एक गाडी आख्खीच्या आख्खी जहाजात चढते. ते मला बघायचं होतं.

१७ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सकाळी उठले तर बाबा घरात नव्हते. पेटीही नव्हती. शाळेला सुट्टी. मी आवरून थेट जत्रेत गेले.

बोल्ट आवळून झाले होते, पोती फिरवून झाली होती. पाळण्याभोवती माणसं जमलेली. शंकररावांचा नातू पहिल्या फेरीला बसायला पुढे आला तर बाबांनी त्याला हाताने थांबवलं. कमरेचा पाना सोडला, आजूबाजूला बघितलं, मी दिसले, माझ्याकडे आले आणि पाना माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू खाली थांब. खांबाला हात लावून."

मला कळेपर्यंत ते पाळण्यात बसलेसुद्धा. दांडी लागली आणि चाक फिरायला लागलं. मी धावत जाऊन खांब धरला. तो आतून थरथरत असतो हे मला माहीतच नव्हतं. एवढी वर्षं बाबांच्या हाताला ते लागत असेल. वर बघितलं. बाबांनी डोळे घट्ट मिटले होते, दोन्ही हातांनी दांडी धरलेली, तोंड वासलेलं. ना हसू ना ओरडणं. टोकावर चाक क्षणभर थांबलं तेव्हा पांढऱ्या शर्टाशिवाय काही दिसेना. मी शंकररावांना ओरडून सांगितलं, थांबवा. त्यांनी मान हलवली. मिस्त्रींनी आठ फेऱ्या सांगितल्यात, म्हणाले.

मी मोजल्या. पाचव्या फेरीला माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. लोक बघत होते, बघू देत.

उतरले तेव्हा त्यांना उभं राहता येईना. मी आणि शंकररावांनी धरून तंबूमागे नेलं, तिथे त्यांना भडभडून उलटी झाली. पाणी दिलं, मातीवरच बसवलं. तोंड पांढरंफटक. बऱ्याच वेळाने म्हणाले, "एवढं भ्या वाटायचं तुला?"

मी म्हटलं, एवढं नाही, पण वाटायचं.

"मग दर वर्षी बसायचीस कशी?"

हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे उत्तरही कधी शोधलं नव्हतं. पण ते तिथेच होतं. मी म्हटलं, "बोल्ट तुम्ही आवळलेले असायचे ना, बाबा. भीती वाटायची, पण पडेन असं कधीच वाटलं नाही."

बाबांनी माझ्या हातातला पाना घेतला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत माझ्याच हातात दिला. मग ते म्हणाले की त्या लिंडनरला उत्तर टाकायला पाहिजे, माणूस वाट बघत असेल. मी विचारलं, काय लिहू? म्हणाले, लिही, दोघं येतोय, पोरगी बसायला नाही, बघायला.

३० मार्च

हॉलंड आणि डेन्मार्कचीही पत्रं आली. बंद, पण या. हॉलंडवाल्यांनी बाबांना ‘माननीय निरीक्षक’ म्हटलंय. बाबांनी ते पत्र मला गोजरबाईंपुढे तीनदा वाचायला लावलं. मी म्हटलं, खरं काय ते कळवूया. म्हणून पुढच्या पत्रात लिहिलं की निरीक्षक नव्हे, निवृत्त मिस्त्री. शिक्का मात्र मारलाच.

१२ ऑक्टोबर

व्हिसा झाले. व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, जाण्याचा हेतू काय? मी पर्यटन सांगणार तेवढ्यात बाबांनी लिंडनरचं पत्र काचेखालून आत सरकवलं. बाईंनी ते वाचलं, बाबांकडे बघितलं, आणि पुढे काही विचारलं नाही. स्वेटर टेकचंदशेठनी दिलेत, त्यावर परदेशी कंपनीचं नाव आहे आणि ते उल्हासनगरातच शिवलेत.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आज निघायचं. दुपारी टेकचंदशेठ स्वतः गाडी घेऊन येणार आहेत. बॅगा दारात आहेत. पाना आईच्या जुन्या पातळात गुंडाळून मोठ्या बॅगेत तळाशी ठेवलाय. हातातल्या पिशवीत चालत नाही म्हणे, यावर बाबा कालपासून नाराज आहेत.

नळ बघितला, गॅस बघितला, किल्ली गोजरबाईंना दिली. आता बाबा आत चहा करताहेत. त्यांनी कागदांची पिशवी मला तपासायला दिली, तेव्हा तो तक्ता हाती लागला. फेकला नव्हता. नव्या कागदावर पुन्हा आखलाय. अकरा ओळींतलं ‘पुढची सीट’ गेलंय, त्या जागी ‘अंजना – टोकापर्यंत जमेल तेवढं चालत. शिवराम – सोबत.’ सगळ्यात शेवटी नवी बारावी ओळ, व्हिएन्ना. तिथला पाळणा थंडीतही चालू असतो, सगळ्या प्रवासात फिरणारी अशी ती एकच गोष्ट. त्या ओळीसमोर शेवटच्या रकान्यात, तिरक्या अक्षरात लिहिलंय:

‘दोघं खाली. चहा.’

मी मोठ्याने हसले. आतून कपबशीचा आवाज थांबला. बाबांनी क्षणभर ऐकलं, आणि काही न विचारता पुन्हा चहा गाळायला लागले.